टक्केभाऊ

‘मी दोन टक्क्यांचं काम बघतो,’ असं भाऊंनी सांगितलं की दिल्लीचा माणूस ‘कसलं?’ म्हणून विचारतो आणि महाराष्ट्रातून आलेला माणूस डोळा मारतो. एकदा तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका माजी सभापतींनी ही ओळख ऐकली, खुर्ची जवळ ओढली आणि कीव आल्यासारखं म्हणाले, ‘दोनच? अहो साहेब, आमच्याकडं साध्या मुरमाच्या रस्त्याला...’ पुढचा आकडा त्यांनी बोटांनी दाखवला. त्यासाठी त्यांना हातातला चहाचा कप खाली ठेवावा लागला.

तेव्हापासून आम्ही त्यांना टक्केभाऊ म्हणतो. त्यांना हे नाव ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. फक्त बायकोच्या माहेरच्या माणसांसमोर घेऊ नका, एवढीच त्यांची अट.

भाऊंचे दोन टक्के सरकारमान्य होते. कंपनी कायदा २०१३ चा, त्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं, आणि वर्षाला पाच कोटींच्या वर नफा कमावणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करायचे असं ठरलं. भाऊ एका ऊर्जा कंपनीत होते. कुठल्या, ते सांगत नाही. बटण दाबणाऱ्याला सगळ्या सारख्याच. कायद्याआधीही ही कंपनी देत होतीच: वसाहतीतल्या लेडीज क्लबतर्फे शिलाई यंत्रं, थंडीत घोंगड्या, पंधरा ऑगस्टला बुंदीचे लाडू. कायदा आला आणि बुंदीलाही लेखाशीर्ष लागलं. 

भाऊ मूळचे नागपूरकडचे. औष्णिक वीजकेंद्रात कोळशाच्या वॅगना मोजण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. मग मुख्य कार्यालयात बदली होऊन ते दिल्लीला आले, आणि वॅगना मोजणाऱ्या माणसाच्या हाती कंपनीने समाज मोजायला दिला.

भाऊंचं टेबल ऑफिसात होतं, पण दरबार भरायचा तो कोपर्निकस मार्गावर, जुन्या महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात. नवं सदन २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर झालं, राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन वगैरे. ते मंत्र्यांचं. जुनं सदन आमचं. मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे निघालात की दूरदर्शन, कमानी, एलटीजी अशी नाटकवाल्यांची आणि बातमीवाल्यांची वस्ती लागते, आणि याच रस्त्यावर दिल्लीत हरवलेला मराठी माणूस पोह्यांच्या वासाने आपोआप सदनाकडे वळतो. इंग्रजांच्या वेळी हा लिटन रोड होता. लिटन म्हणजे दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत असताना १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवणारा व्हाइसरॉय. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचं मागणं घेऊन गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, जाड्याभरड्या खादीत हजर झाले होते. दिल्लीत अर्ज घेऊन येणारा मराठी माणूस तेव्हापासूनचा. काकांना ‘सीएसआर-१’ नावाचा फॉर्म भरावा लागला नाही, हा एवढा एक फरक.

भाऊंना अधिकार म्हणाल तर काहीच नव्हता. त्यांच्यावर साहेब, साहेबांवर संचालकांची समिती, समितीत एक स्वतंत्र संचालक, जे भाऊंच्या मते इतके स्वतंत्र होते की बैठकीला यायचंच असं बंधन पाळत नसत. भाऊ नुसती छाननी करायचे. पण गाभाऱ्यापेक्षा पायरीचं माहात्म्य मोठं, हे नामदेवांच्या मुलखातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यामुळे सरपंच, मुख्याध्यापक, खादी सिल्कच्या साडीतल्या संस्थाचालक बाई, वाचनालयाचे वृद्ध कार्यवाह, कबड्डी मंडळाचे दणकट अध्यक्ष असे सगळे टेबलाभोवती बसायचे आणि भाऊंच्या पोह्यांचे पैसे द्यायला धडपडायचे. भाऊंनी एकदाही देऊ दिले नाहीत. ‘राजा, तुझ्या वीस रुपयांच्या पोह्यांसाठी माझी दोन टक्क्यांची नोकरी जाईल,’ म्हणायचे.

त्यांना कायद्याचं सातवं परिशिष्ट रामरक्षेसारखं पाठ होतं. भूक, गरिबी, आरोग्य, स्वच्छता हा पहिला आयटम. शिक्षण दुसरा. स्त्रिया, वसतिगृहं, वृद्धाश्रम तिसरा. पर्यावरण चौथा. कला, वारसा आणि सार्वजनिक वाचनालयं पाचवा. माजी सैनिक सहावा, खेळ सातवा... आणि ज्याला कुठेच जागा नाही तो दहावा, ग्रामीण विकास. एकदा का हे डोक्यात बसलं की माणसाला जग दिसेनासं होतं, नुसते आयटम दिसतात. मंडी हाउसच्या सिग्नलला एखादी म्हातारी काच ठोठावायची आणि भाऊ खिशात हात घालता घालता पुटपुटायचे, ‘आयटम वन... का थ्री?’ तोवर दिवा हिरवा व्हायचा. भाच्याने व्यायामशाळेसाठी पैसे मागितले तर म्हणाले, ‘सातव्यात बसतं, पण तू ग्रामीण आहेस का?’ गणेशोत्सव मंडळाच्या पोरांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं होतं. बाप्पा शेड्यूलमध्ये नाही.

दिल्लीतल्या एका हौशी मराठी नाटकमंडळीने त्यांचा फार पाठपुरावा केला. पाचव्या आयटममध्ये कला आहे, मग आमच्या संगीत नाटकाला काय झालं? भाऊंनी जून २०१४ चं मंत्रालयाचं परिपत्रक पुढे सरकवलं: एकदाच होणारे कार्यक्रम, पुरस्कार, जाहिराती, प्रायोजकत्व यांतलं काही चालत नाही. मंडळी तीन आठवड्यांनी नवी संहिता घेऊन आली. आता नायक उद्यानात येऊन नायिकेची वाट बघताना साबणाने हात धूत होता. वीस सेकंद. तेवढ्यात एक पद. भाऊंनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘स्वच्छता, आयटम वन. पण पाणी फार वाया चाललं आहे, चौथ्यात अडकाल.’

घरी काय चालत असेल याची कल्पना आम्हाला वहिनींमुळे आली. त्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो होतो. वांग्याची भाजी झकास झाली होती, मी तसं बोललो, आणि वहिनी म्हणाल्या, ‘हे लिहून द्या. यांना उपयोगिता प्रमाणपत्र लागते.’ दिवाळीत घर रंगवलं तेव्हा भाऊंनी रंगाऱ्याला सुरुवातीला आधीचे आणि शेवटी नंतरचे फोटो काढायला लावले, त्याच कोनातून. रंगारी बिचारा शेवटच्या दिवशी स्वतः भिंतीला टेकून हसत उभा राहिला. त्याला वाटलं, लाभार्थी आपणच.

फोटोंचं प्रकरण मात्र गंभीर होतं. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींचं वेगळं शौचालय होईल असं जाहीर केलं, आणि देशातल्या सरकारी कंपन्या गवंडीकामाला लागल्या. वीजवाले, कोळसावाले, तेलवाले सगळ्यांत पुढे. भाऊ त्या वर्षी तपासणीसाठी इतकी गावं हिंडले की त्यांच्या मोबाइलमध्ये शौचालयांशिवाय काही उरलं नाही. पुढून, मागून, दार उघडून, दार लावून, मुख्याध्यापकांसह, मुख्याध्यापकांविना. याच फोनवर मुलीचे फोटोही होते. स्थळाची मंडळी घरी आली, मुलाच्या वडलांनी सहज म्हटलं, सहलीचे फोटो आहेत म्हणे, आणि भाऊंनी मोठ्या प्रेमाने फोन हातात दिला. त्यांनी बोट सरकवलं: शौचालय. सरकवलं: शौचालय. सरकवलं: मुलगी, नैनिताल. सरकवलं: शौचालय, भारतीय पद्धतीचं. पंधरा-वीस फोटो शांततेत गेल्यावर ते गृहस्थ म्हणाले, ‘भाऊसाहेब, आपली सॅनिटरीची एजन्सी आहे का?’ लग्न त्याच घरात झालं. विहीणबाई अजून भाऊंना फोन देताना आपला देतात, त्यांचा घेत नाहीत.

पुढे कॅगने ऊर्जाक्षेत्रातल्या सात सरकारी कंपन्यांची २,६९५ शौचालयं स्वतः जाऊन पाहिली. काही कागदावर होती आणि जागेवर नव्हती. जी उभी होती त्यांतल्या ७२ टक्क्यांत आत पाण्याचा नळ चालू नव्हता. हा अहवाल २०२० मध्ये संसदेत आला त्या दिवशी भाऊंनी मला वर्तमानपत्र दाखवलं. पोहे तसेच गार होत होते. ‘जिंदगीभर दोन टक्के दोन टक्के करून राहिलो,’ ते म्हणाले, ‘अन् शेवटी नावावर बाहत्तर लागले.’ त्यांनी बांधून घेतलेली त्या यादीत होती की नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दार लावून काढलेल्या फोटोत नळ दिसत नाही.

याच्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ऐकल्याशिवाय भाऊ कळत नाहीत. वीजकेंद्राच्या लगतच्या एका गावाने स्मशानशेड मागितली. पत्र्याचं छप्पर, दोन ओटे, लाकडं कोरडी राहतील अशी खोली. पावसाळ्यात सरण विझायचं आणि माणसं छत्र्या धरून उभी राहायची. मागणी शंभर नंबरी खरी. भाऊंनी ती दहाव्या आयटममध्ये बसवली आणि छापील फॉर्म भरायला घेतला. पहिलाच रकाना: दरमहा लाभार्थींची संख्या. भाऊंनी सरपंचांना फोन लावला.

‘सरपंच, महिन्याला किती लाभार्थी धरायचे?’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘साहेब, ते आपल्या हाती कुठं असतं?’

‘अंदाजे सांगा.’

‘यंदा थंडी जरा जास्त आहे...’

‘मी चार टाकून राहिलो.’

‘टाका. पण साहेब, नावं नका टाकू.’

पुढचे रकाने भाऊंनी रात्री घरी बसून भरले. लाभार्थींचा वयोगट. लाभार्थींमध्ये महिलांचं प्रमाण. प्रकल्पामुळे लाभार्थीच्या जीवनमानात झालेला बदल. या शेवटच्या रकान्यापाशी भाऊ थांबले, आणि मला वाटतं, सरकारी-निमसरकारी मराठीतलं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य त्यांनी तिथे लिहिलं: ‘बदल कायमस्वरूपी आहे.’ साहेबांनी ते न वाचताच सही केली.

शेड झाली. ब्रँडिंगच्या नियमाप्रमाणे फलकावर कंपनीचं चिन्ह आणि ब्रीदवाक्य सक्तीचं होतं. तेव्हा ब्रीदवाक्य होतं, ‘तुमच्या उद्यासाठी आमची ऊर्जा’. ते रंगवलं गेलं, दाहिनीच्या बरोबर वर, निळ्या अक्षरांत. लोकार्पणाला महाव्यवस्थापक आले; त्यांच्या पत्नी गाडीतून उतरल्या नाहीत. मग दिल्लीहून बाहेरच्या संस्थेचा एक तरुण मूल्यमापनाला गेला. तो टॅब घेऊन शेडमध्ये उभा राहिला आणि सरपंचांना म्हणाला, एखाद्या बेनिफिशरीशी बोलता येईल का? सरपंच म्हणाले, ‘बोलणं झालं तर आम्हालाही सांगा. वडलांनी एका जमिनीचा कागद कुठं ठेवलाय ते विचारायचंय.’

आता याच कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाउस आहे. तिथे राष्ट्रीय हरित लवाद बसतो, २०१० च्या कायद्याने आलेला. ऊर्जा कंपन्यांचं तिथे येणंजाणं असतं. राख, पाणी, धूर, असे विषय निघतात. त्यामुळे कधी कधी भाऊंच्या कंपनीच्या दोन गाड्या एकाच वेळी या रस्त्यावर यायच्या. एका गाडीतून वकील उतरायचे, दुसरीतून भाऊ. दोघांचे ड्रायव्हर एकाच टपरीवर चहा प्यायचे. त्यांच्यातल्या एकाने मला कंपनीचं सगळं धोरण एका वाक्यात सांगितलं होतं: ‘वो साहब राख का जवाब देने आए हैं, और हमारे साहब पेड़ का.’

एकदा कायदा विभागाचा तातडीचा निरोप आला: अमुक गावासाठी आपण आजवर काय काय केलं त्याची फोटोंसह यादी पाठवा, लवादापुढे ठेवायची आहे. भाऊंनी निष्ठेने सगळं पाठवलं. हातपंप, बाकडी, झाडं, दंतचिकित्सा शिबिर, स्मशानशेड. राखेने माणसं आजारी पडतात अशी ज्या गावाची तक्रार, त्या गावाला आपण स्मशान बांधून दिलं आहे, हे वकिलांच्या लक्षात दारातच आलं म्हणून बरं. ते पान फाडलं गेलं. भाऊंना हे कळल्यावर ते दुखावले. ‘सगळ्यांत जास्त वापर त्याचाच आहे रे,’ म्हणाले.

वीज आणि गाव यांच्यातला हा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. मुळशीला टाटांच्या धरणासाठी मावळ्यांची भातखाचरं जाऊ लागली तेव्हा १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांना त्यावरूनच लोक सेनापती म्हणू लागले, आणि तरी शेतं पाण्याखाली गेलीच. वीज मुंबईला गेली. मी भाऊंना एकदा विचारलं, तेव्हा दोन टक्क्यांचा कायदा असता तर? त्यांनी प्रश्न मनावर घेतला, आकडेमोड केल्यासारखं वर पाहिलं. ‘बुडालेल्या शाळेला एक वॉटर कूलर मिळाला असता,’ म्हणाले. मग स्वतःच जोडलं, ‘स्टेनलेस स्टीलचा.’ दाभोळच्या वीजप्रकल्पाची गोष्ट त्यांना फार आवडते. एन्रॉनच्या एका उपाध्यक्ष बाईंनी १९९५ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की भारतात लोकांचं शिक्षण करण्यावर आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवरच कंपनीचे दोनेक कोटी डॉलर खर्च झाले. ‘शिक्षण, आयटम टू,’ भाऊ बोट वर करतात. ‘अन् लाभार्थीचा एक फोटो नाही!’

मार्च महिन्यात भाऊ माणसात नसायचे. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले. त्याआधी पैसे उरले तर का उरले एवढं अहवालात लिहिलं की भागायचं. आता चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे, बाकीचे सहा महिन्यांत सरकारी निधीत. म्हणजे वर्षभर पैसे मागणाऱ्यांपासून लपणारे भाऊ मार्चमध्ये पैसे घेणाऱ्यांच्या मागे धावायचे. ज्या वाचनालयाच्या कार्यवाहांना डिसेंबरात ‘बघू’ म्हटलं होतं त्यांना रात्री साडेदहाला फोन जायचा: ‘कपाटं किती हवीत? चार? चौदा घ्या ना!’ त्या कार्यवाहांच्या वाचनालयात आज पुस्तकं आठ कपाटांत आहेत आणि सहा कपाटांत रिकामी कपाटं मिळाल्याची कागदपत्रं.

संध्याकाळी आम्ही चालत मंडी हाउसच्या मेट्रोकडे जायचो. कमानी सभागृहापाशी भाऊ हटकून थांबत. हे नाट्यगृह १९७१ चं. कुर्ल्याला राहिलेल्या मुंबईकराला कमानी हा बसथांबा माहीत असतो. हे तेच घराणं. १९४५ साली त्यांनी कमानी इंजिनियरिंग काढली आणि देशभर विजेच्या वाहिन्यांचे लोखंडी मनोरे उभे केले. म्हणजे एका परीने वीजवालेच. ‘तेव्हा एकशे पस्तीस नव्हतं, शेड्यूल नव्हतं, समिती नव्हती,’ भाऊ दाराकडे बघत म्हणायचे. आतून तबल्याचा आवाज यायचा. ‘अन् पाटीवर पाहा, नुसतं आडनाव. ब्रीदवाक्य नाही.’ आमच्या भाऊंनी हजार लिटरच्या टाकीवर दोन हजार लिटरचं नाव रंगवून घेतलं होतं, तेव्हा हे त्यांना टोचत असणार.

भाऊ निवृत्त झाले त्याला आता बरेच दिवस झाले. निरोप समारंभात त्यांच्या कार्याचा गौरव करणारी चित्रफीत दाखवली. तीत भाऊ कुठेच नव्हते, कारण सगळे फोटो त्यांनीच काढले होते. ते नागपूरला परत जातील असं वाटलं होतं, पण मुलगी गाझियाबादला दिली आहे, म्हणून राहिले. पोह्यांसाठी जुन्या सदनात येणं सुरू आहे. अर्जदार आता येत नाहीत. ते नव्या साहेबांना भेटतात, आणि नवे साहेब कॉफीच्या दुकानात बसतात.

मध्यंतरी एके सकाळी मी गेलो तर भाऊ चष्मा कपाळावर चढवून फोनवर आकडे टिपत होते. बारा आकडी ग्राहक क्रमांक, तोंडपाठ. मला वाटलं घरचं बिल. पण पडद्यावरचं बिल मराठीत होतं, आणि दिल्लीच्या घराचं बिल असं मराठीत येत नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं.

वीजकेंद्राची चिमणी जिथून दिसते अशा एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. भाऊंच्या काळात कंपनीने तिला दहा संगणक दिले, भिंतीवरचा मोठा टीव्ही दिला, ‘डिजिटल वर्ग’ असा फलक दिला. वर्षभराने बिल थकलं म्हणून वायरमन येऊन जोडणी कापून गेला. शाळेला वीजबिलासाठी जे मिळायचं ते बिलाला पुरायचं नाही. खिडकीतून दिसणारी चिमणी चोवीस तास धूर सोडत होती आणि वर्गात पोरं टीव्हीच्या काळ्या पडद्यात भांग पाडत होती. भाऊंनी टिपणी पाठवली: बिल आपण भरू या. उत्तर आलं, आवर्ती खर्च धोरणात बसत नाही, मालमत्ता निर्माण झाली पाहिजे. भाऊंनी दुसरी टिपणी पाठवली. तीत ‘दिव्याखाली अंधार’ असा शब्दप्रयोग होता. साहेबांनी तो लाल शाईने खोडला. ऊर्जा कंपनीच्या कागदात ही म्हण वापरायची नाही असा तोंडी हुकूमही निघाला. तिसऱ्या टिपणीवर शेरा आला: सौर पॅनेलचा प्रस्ताव सादर करा. पॅनेल बसली. सूर्य मधोमध आहे हे ज्याने सांगितलं त्याच्या नावाच्या रस्त्यावर बसून भाऊंनी तो प्रस्ताव लिहिला होता. दोन वर्षांत बॅटऱ्या बसल्या. नवी बॅटरी म्हणजे देखभाल, आणि देखभाल कुठल्याच आयटममध्ये नव्हती.

‘म्हणून निवृत्त झाल्यावर मी थकबाकी भरली अन् जोडणी परत घेतली,’ भाऊ खाली मान घालून म्हणाले. एखादा गैरव्यवहार कबूल करावा तसा सूर होता. ‘महिन्याच्या महिन्याला भरून राहिलो. बायकोले माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण मी सांगितलं नाही.’

‘कुठल्या आयटममध्ये टाकता, भाऊ?’

‘पेन्शनमध्ये.’

त्या महिन्याचं बिल सहाशे चाळीस रुपयांचं होतं. पैसे गेले, टिंग वाजलं. सवयीने त्यांनी पावतीचा स्क्रीनशॉट काढला आणि मुख्याध्यापकांना पाठवला. आम्ही पोहे संपवले, दुसरा चहा मागवला. तेवढ्यात गुरुजींचं उत्तर आलं. कंपनीच्या दानावर दहा वर्षं पोसलेले गुरुजी. त्यांना काही सांगावं लागत नाही. फोटो होता. वर्गाच्या मधोमध छताला बल्ब, पेटलेला. त्याच्या खाली उंचीप्रमाणे तीन रांगांत उभी केलेली पोरं, पुढच्या रांगेत मुली, सगळ्यांची बोटं बल्बकडे. मागच्या खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं.

भाऊंनी फोटो मोठा करून पाहिला. पोरं मोजली असावीत, ओठ हलत होते. मग एकदम गडबडीने त्यांनी गुरुजींना फोन लावला.

‘गुरुजी, फोटो मिळाला. छान आहे. आता तो बल्ब बंद करा पाहू आधी. दिवसा काहून लावला? बिल येते ना!’